दोन एकरांत धावपट्टी, खो-खो, कबड्डी, कुस्ती: मैदान कसं आखायचं?

खानापूरकडचा:
शाळेमागं ११० बाय ७० मीटर जागा आहे, जांभ्याची माती. ४०० मीटरचा ट्रॅक बसेल का? आत खो-खो, कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटही हवं. काहीजण आखाडा मधोमध म्हणतात.

चुनाफक्की:
४०० चा नाद सोडा, सहा लेनला १७२ बाय ८८ मीटर लागतात. २०० चा बसतो, साधारण ९४ बाय ५१ मध्ये. आतल्या रेषेची त्रिज्या १८ मीटर, सरळ बाजू ४२.८२. हा हिशेब नुसत्या चुन्याच्या रेषेचा. त्यात धावण्याची वाट रेषेपासून २० सेंमी बाहेर मोजतात. आतल्या रेषेवर कठडा (जमिनीपासून उचललेली कड) घातला की ३० सेंमी, मग सरळ बाजू ४२.५१. लेनची रुंदी १.२२ मीटर. पूर्ण फेरीला दुसरी लेन ७.६७ मीटर पुढून सुटते, तिसरी १५.३३. (कठड्याच्या ट्रॅकला दुसरी ७.०४; घोळ इथंच होतो.) टेप स्टीलचीच घ्या, कापडी ताणते. दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांच्या केंद्रांवर पाईपचे तुकडे जमिनीखाली पुरून ठेवा, दरवर्षी नव्यानं मोजायला नको.
शंभर मीटर सरळ मात्र विसरा: सुरुवातीला ३ आणि पुढं थांबायला १७ धरून १२० लागतात. मुलांना ८० मीटर पळवा.

मुरूमवाला:
आपल्याकडच्या पावसात उतार चुकला की सगळं गेलं. ट्रॅक आतल्या बाजूला उतरता, मधलं मैदान बाहेरच्या बाजूला, दोन्हींना उतार शंभराला एक. पाणी ट्रॅकच्या आतल्या कडेला मिळतं, झाकणाची गटार तिथंच. म्हणजे मैदानाचा मध्य कडेपेक्षा १८ सेंमी वर. जांभ्यातले खडे चाळून काढा, नाहीतर रोलरखाली दबतात आणि पहिल्या पावसात वर येतात. मुरमाचा थर ओलसर असतानाच दाबा. कोरडा उडतो, चिखल रोलरला चिकटतो.

अण्णा खोखोवाला:
खो-खो २७ बाय १६ (जुन्या पुस्तकात २९ दिसेल), कबड्डी पुरुषांची १३ बाय १०, शेजारी सहज बसतात. खो-खोचे खांब १२० ते १२५ सेंमी उंच, पण काढता येतील असे खोबणीत बसवा. क्रिकेटला पक्की खेळपट्टी नको, मॅटिंग टाका आणि खिळे मोजून उचला; खो-खोची मुलं अनवाणी असतात.
आखाडा मधे नकोच. त्याची माती तेल, हळद, ताक घालून सारखी खोदून मऊ ठेवावी लागते, आणि तुम्ही बाजूला रोलर फिरवणार. बेळगावात आनंदवाडीला कुस्तीचा आखाडा वेगळाच आहे. कोपऱ्यात पत्र्याची शेड टाका.