मदत हवी आहे: मिनी सुमो रोबो पांढरी कड ओलांडतो आणि टक्कर झाली की गप्प उभा राहतो

प्रश्न – चकतीबाज

मिनी गटातला (५०० ग्रॅम, १० बाय १० सेंमी) स्वयंचलित सुमो रोबो आहे, म्हणजे पांढऱ्या कडेच्या काळ्या गोल रिंगणातून समोरच्या रोबोला ढकलून बाहेर काढणारा. वजन ४९३ ग्रॅम. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड), मोटर चालवायला एल२९८एन मॉड्यूल, चार एन२० गिअरमोटर (६ व्होल्ट, १००० आरपीएम), ३२ मिमी चाकं. बॅटरी म्हणजे जुन्या लॅपटॉपमधले दोन १८६५० सेल सिरीजमध्ये. नॅनोला ५ व्होल्ट एल२९८एनच्याच रेग्युलेटरमधून दिले आहेत. समोरचा रोबो शोधायला पुढे आणि दोन्ही बाजूंना एकेक एचसी-एसआर०४ (अल्ट्रासॉनिक अंतरमापक), कड ओळखायला पुढच्या कोपऱ्यांत खाली बघणारे दोन टीसीआरटी५००० इन्फ्रारेड सेन्सर. पुढे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ४५ अंशांची उतरण.

अडचणी अशा:
१. एकटाच फिरत असताना पाचातल्या एक-दोन वेळा पांढरी कड ओलांडून खाली पडतो. टेबलावर हाताने सरकवलं तर सेन्सर पांढरं बरोबर ओळखतात.
२. टक्कर झाली की थांबतो, काही सेकंदांनी आपोआप परत चालू होतो. कधी कधी कडेवरून मागे फिरतानाही हेच.
३. समोरचा बुटका असेल तर दिसतच नाही, आणि त्याचं पातं आमच्या उतरणीखाली शिरतं.

आधी काय बदलावं? राष्ट्रीय पातळीवर उतरायचं आहे, जमलं तर पुढे बाहेरच्या देशातही. तिथले नियम वेगळे असतात का?

सोल्डरवाला

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करा, बाकीच्या तपासण्या त्याशिवाय विश्वासार्ह नाहीत. 'काही सेकंद' म्हणजे मोजून पाच आहेत का बघा. असतील तर नॅनो रिसेट होतोय आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीची, स्पर्धेच्या नियमाने सक्तीची पाच सेकंदांची थांबणूक नव्याने मोजतोय. खात्रीसाठी सेटअपमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच चालणारा भाग) एलईडी तीनदा लुकलुकवा. टक्करीनंतर लुकलुकला की निदान पक्कं.

कारण हिशोबातच आहे. अशी एक मोटर अडली की साधारण दीड अँपिअर खेचते, म्हणजे चारांचे सहा. लॅपटॉपच्या जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ७.४ व्होल्ट क्षणात सहाच्या खाली येतात. मॉड्यूलवरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट टिकवायला निदान ७ लागतात. आणि पूर्ण वेगात पुढे जाताना एकदम पूर्ण उलट दिशा दिली तर क्षणभर अडलेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट करंट जातो. कडेवरचं रिसेट त्यातूनच.

एल२९८एन काढाच. एका अँपिअरला दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, एका चॅनेलची मर्यादा २ अँपिअर आणि तुमच्या एका बाजूच्या दोन मोटर ३ मागतात. शिवाय तो हीटसिंक म्हणजे फुकटचं वजन. त्याऐवजी दोन टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर घ्या, प्रत्येक बाजूला एक, त्याचे दोन्ही चॅनेल समांतर जोडून. बॅटरी २एस (दोन सेल सिरीजमध्ये) लायपो, ३०० ते ४५० एमएएच, ३५सी किंवा वर ('सी' म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते ते). नॅनोला वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल), त्याच्या आधी करंट मागे जाऊ न देणारा एक शॉटकी डायोड आणि डायोडनंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डायोड नसेल तर तो कपॅसिटर मोटरच रिकामा करतात. प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळून जाईल, फक्त लायपोवर छापलेल्या 'सी'वर डोळे झाकून विश्वास नको.

प्रोग्रॅममध्ये पुढे आणि मागे यांच्यात १०-१५ मिलिसेकंद ब्रेक द्या. लायपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट असते, म्हणून ६ व्होल्टच्या मोटरना पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणं) ८० टक्क्यांवर रोखा.

काळी_कड

कड ओलांडण्याचं खापर टीसीआरटीवर फोडू नका. गुन्हेगार अल्ट्रासॉनिक आहे. समोर काही नसलं की एचसी-एसआर०४ची एक वाट बघणी जवळपास ३८ मिलिसेकंदांची. तीन सेन्सर ओळीने वाचले तर शंभराच्या वर, आणि तेवढा वेळ पल्सइन (प्रतिध्वनीची वाट बघणारी आर्डुइनोची आज्ञा) बाकी काहीच करू देत नाही. सेकंदाला एक मीटर वेगाने रोबो तेवढ्यात १० सेंमी गेला. कड आहे २.५ सेंमी. हाताने सरकवताना हे कळणारच नाही.

आवाजावर चालणारे सेन्सर सुमोत तसेही नकोत. ४५ अंशांच्या पत्र्यावरून लहर वर उडून जाते, परत येत नाही. आणि दोन्ही रोबोंवर तेच असतील तर एकमेकांचे आवाज ऐकतात. ४० सेंमी पल्ल्याचे डिजिटल इन्फ्रारेड सेन्सर लावा, उत्तर काही मिलिसेकंदांत. स्वस्तात व्हीएल५३एल०एक्स हा लेझर अंतरमापकही चालतो, पण तीन लावायचे तर सगळ्यांचा पत्ता सारखाच (०एक्स२९) असतो. एक्सशट (सेन्सर बंद ठेवणाऱ्या) पिना वेगळ्या ओढून सुरुवातीला एकेकाचा पत्ता बदलावा लागेल. वाचनही न थांबता घ्यायचं, नाहीतर रोग तोच. सेन्सर जमिनीपासून दोन-अडीच सेंमीवर, अगदी किंचित खाली झुकवून. फार झुकवलात तर पांढरी कडच शत्रू वाटेल.

आता वेग. एक मीटर वेगात घर्षणांक ०.८ धरला तर थांबायला साडेसहा सेंमी लागतात, अर्ध्या मीटरला दीड. म्हणून शोधताना अर्धा वेग, समोरचा दिसला की पूर्ण. फक्त ही एक ओळ बदलून पडणं बरंचसं थांबतं.

दोन बारकावे. सुरुवातीच्या तपकिरी रेघा काळ्या-पांढऱ्याच्या मधलं वाचन देतात, पांढरं कुठून धरायचं तो उंबरठा सैल असेल तर रोबो रिंगणाच्या मध्यातच मागे पळेल. तिन्ही रंगांचं वाचन स्पर्धेच्या जागी, तिथल्या दिव्याखाली घ्या. आणि समोरच्याचं चकचकीत पातं तुमच्या सेन्सरखाली आलं तर तेही पांढरंच वाटतं: जिंकत असताना रोबो अचानक माघार घेतो. समोरचा रोबो टेकल्याचं पुढचा सेन्सर सांगत असेल तर एकाच कोपऱ्यातलं पांढरं दुर्लक्षित करा, दोन्हीकडचं मात्र कधीच नको.

पात्याखाली

तिसरी अडचण पूर्ण यांत्रिक आहे. ४५ अंश फार उभे. २० ते ३० ठेवा. पत्र्याच्या टोकाला १८ मिमी कटरचं पातं लावा, जाडी अर्धा मिमी, धार बारीक पॉलिशपेपरवर मारलेली. रिंगणाला ओरखडा पडला तर पंच बाद करतील, बोट कापलं तर ते वेगळंच.

तपासणी: ८० जीएसएम कागदाची पट्टी पात्याच्या संपूर्ण रुंदीखाली सारून बघा. कागद सुमारे ०.१ मिमी जाडीचा. तो शिरला तिथे समोरच्याचं पातंही शिरणार. बहुतेकदा दोष चासिसच्या पिळात सापडतो, पातं सरळच असतं. पुढचा भाग बिजागरीवर ठेवला तर तो आपल्या वजनाने टेकतो, पण बिजागरी ढिली झाली की फडफडतो. माझा कौल पक्क्या पात्याला. दोन वजनकाट्यांवर पुढचा-मागचा भार मोजा. पात्यावर ५०-६० ग्रॅम बस, बाकीचं चाकांवर हवं, कारण ढकलण्याची ताकद चाकांवरच्या भारातूनच येते.

घर्षणांक १ धरला तर ५०० ग्रॅमचा रोबो फार तर ४.९ न्यूटनने ढकलेल. त्याला ३२ मिमी चाकांवर एकूण ०.८ किलो-सेंमी टॉर्क लागतो. तुमच्या चार मोटर तो सहज देतात. म्हणजे आणखी टॉर्क घेऊन उपयोग नाही, चाकंच घसरतील. पैसे चाकांवर घाला: मऊ सिलिकॉन, साच्यात ओतलेलं, प्रत्येक लढतीआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं. मात्र चिकट नको. बऱ्याच ठिकाणी रोबो ए४ कागदावर ठेवून उचलतात, कागद दोन सेकंदांहून जास्त चिकटून राहिला तर बाद.

सोल्डरवाला

नियमांबद्दल. रिंगण ७७ सेंमी, त्यात २.५ सेंमी पांढरी कड, लढत तीन मिनिटं, दोन गुण आधी मिळवेल तो विजेता, हा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच. फरक सुरुवातीत पडतो. कुठे बटण दाबून पाच सेकंद थांबायचं, तर युरोपातल्या बऱ्याच स्पर्धांत पंच रिमोटने सुरू-बंद करतात आणि रोबोवर स्टार्ट मॉड्यूल लागतं. तिथे पाच सेकंदांची थांबणूक राहिली तर तोवर सामना आटोपलेला असेल. बोर्डवर छोटा डिप स्विच (बारीक खटका) लावून दोन्ही पद्धती ठेवा, आणि मॉड्यूलसाठी तीन पिनांची जागा आत्ताच सोडा. भारतात रोबोटेक्स इंडियाच्या फेऱ्या बघा. मूळ रोबोटेक्स एस्टोनियातल्या टॅलिनची.

जपानचं डोक्यात असेल तर ते वेगळं प्रकरण. फुजी सॉफ्ट कंपनीची अखिल जपान स्पर्धा १९९० पासूनची, तिचा मुख्य गट ३ किलो, २० बाय २० सेंमीचा. रिंगण १५४ सेंमी आणि पोलादी, त्यामुळे रोबोच्या पोटाखाली निओडिमियम चुंबकं असतात आणि चाकांवरचा दाब वजनाच्या कित्येक पट होतो. मिनीचा अनुभव तिथे प्रोग्रॅमपुरताच कामी येतो. मिनीत चुंबक लावण्याआधी रिंगण कशाचं आहे ते विचारा, लाकडी असेल तर ते नुसतं ओझं.

चकतीबाज

सर्वांचे आभार. थांबणूक मोजली, पाचच सेकंद आहे आणि एलईडीही लुकलुकतो. टीबी६६१२ आणि लायपो मागवतो. विमानाने जायचं झालं तर लायपोचं काय?

काळी_कड

सुट्या लायपो हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत. पात्यांचं बरोबर उलट, ती चेक-इन सामानात. म्हणून पातं दोन स्क्रूंनी निघेल असंच बसवा. रोबो बहुधा हातातच न्याल, आणि तपासणीच्या रांगेत चिकटवलेलं पातं उचकटत बसण्यात अर्थ नाही.