रंगवणं, मरणं आणि मधला 'ई'

गोधडी: काल ट्रंकेतून आईची जुनी चादर काढली. कोपऱ्यावरचं लेबल अजून शाबूत, बॉम्बे डाइंग. त्यावरून बोट फिरवलं आणि सातवीचा वर्ग आठवला. मेकचं मेकिंग, कमचं कमिंग, शेवटचा ई खायचा, असं बाईंनी घोकून घेतलेलं. आई रविवारी विटक्या साड्या पातेल्यात रंगवायची, त्यावर मी निबंध लिहिला, 'माय मदर इज डाइंग', आणि नियमाप्रमाणे ई खाल्ला. बाईंनी वही देताना खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "आई बरी आहे ना गं?" घरी सांगितलं तर आईने हेच लेबल समोर धरलं. "बघ, डी-वाय-ई-आय-एन-जी. ई आहे म्हणून मी आहे."
आईला जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हालाही असं एखादं क्रियापद अडलंय का? लिहा ना.

सोलापूरकर: बाबा सुताच्या रंगखान्यात होते. नखं कधी निळी, कधी तांबडी. पंगतीत बसले की डावा हात मांडीखाली. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'डाइंग' लिहिलं, विना-ईचं. बाबांनी पेन घेतलं आणि मधे ई घातला. इंग्रजी त्यांना तेवढंच यायचं, रोज गेटवरची पाटी वाचून. बाकी सही मराठीत.

गोधडी: वाचून डोळे भरले हो दादा.

ताकपिठलं: आमच्या मावशीने ग्रुपवर टाकलं, 'डाइंग टुडे, कॉल लेटर'. ई नाही. मामा डोंबिवलीहून जेवणाच्या ताटावरून उठून आला. दार उघडलं तर मावशी डोक्याला पिशवी बांधून उभी 😄 बरं, कानावरचा डायचा डाग कशाने जातो?

व्याकरणवेडा: यात मुलांची चूक नाहीच. मरणाऱ्या 'डाय'चं आय-ई जाऊन वाय येतो, लाय-लाइंग, टाय-टाइंगसारखं. मग रंगवणाऱ्या 'डाय'ने पण ई सोडला तर दोघं एकच दिसतील, म्हणून तो ठेवतात. आय डाय, शी डाइज, शी इज डाइंग, कानाला तिन्ही रूपं सारखीच, फरक फक्त कागदावर. आणि हे स्पेलिंग फार जुनंही नाही. कोशकार जॉन्सनने १७५५च्या इंग्रजी कोशात दोन्ही क्रियापदं आय-ईने लिहिली, त्याच्या आधीचा इंग्रजी निबंधकार ॲडिसन दोन्ही वाय-ईने लिहायचा. एवढी मोठी माणसं जिथे एकमताची नव्हती, तिथे सातवीच्या पोरीचे मार्क कापायचे?

चिमणी अंगणातली: @ताकपिठलं डाय लावायच्या आधी कानाला व्हॅसलीन लाव. नंतर काही उपयोग नाही.

लालबागची लेक: अजून एक घ्या, सिंज. आजोबा गिरणीत होते, ते सांगायचे. कोरं कापड गॅसच्या ज्योतीवरून भर्रकन नेतात, वरची लव जळते, कापड राहतं. मग ते गुळगुळीत होऊन रंग नीट घेतं. त्याच्याही आयएनजीत ई ठेवायचा, नाहीतर 'गाणं' होतं. १९८२च्या संपानंतर आजोबा परत कामावर गेलेच नाहीत. पण दुकानात कापड हातात घेतलं की आधी तळव्याने लव बघायचे, शेवटपर्यंत.

आईबाबाऑफिस: पॅनिकिंगमध्ये के येतो हे मला पस्तिसाव्या वर्षी मुलीने शिकवलं. कुकर झालाय, पळते. बाकी रात्री वाचते.

चिमणी अंगणातली: गोधडी, चादर धुणार असशील तर मिठाच्या पाण्यात बुडव गं, रंग टिकतो.

सोलापूरकर: नको ताई. मीठ रंगवताना घालतात, रंग सुतावर चढावा म्हणून. तो पक्का होतो सोड्याने, आणि ते काम कारखान्यातच झालेलं असतं. इतक्या वर्षांत जायचा तो रंग गेला, राहिला तो आता जात नाही. गार पाण्यात नुसती खळबळून काढ.

गोधडी: काढली. लेबलापाशी शिवण उसवली होती, तिथे चार टाके घातले. गच्चीत नेतेय आता.

सोलापूरकर: उलटी करून घाल. आणि सावलीत.