प्रतिसाद: ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ का होतं
कतारमधल्या दोहा शहरात इंग्रजीच्या वर्गात अरबी मुलं ‘पार्किंग’ला ‘बार्किंग’ म्हणतात, शंभरदा म्हणवून घेऊनही फरक पडत नाही, काय करावं, असं तिथल्या एका मराठी शिक्षकांनी विचारलंय. अरबीत प हा वर्णच नाही, म्हणून तो आधी कानाला कळायला हवा. आणि इथे आपला मराठी प आडवा येतो! शब्दारंभीच्या इंग्रजी प बरोबर हवेचा झोत निघतो, आपल्या प बरोबर नाही. अरबी कानाला आपला हा झोत नसलेला प ब च वाटतो. ओठांसमोर चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी धरा. ‘पिन’ म्हणताना ती उडाली पाहिजे, ‘बिन’ला जेमतेम हलावी. झोत वाढवण्याच्या नादात फ होऊ देऊ नका, ओठ आधी पूर्ण मिटलेच पाहिजेत. ‘स्पून’साठी मात्र पट्टी नको, स नंतर झोत नसतो. पहिली पाच मिनिटं मुलांना प की ब हे फक्त ऐकून ओळखायला लावा.