झाडाच्या भल्यासाठी केलं आणि भलतंच झालं: तुमचे अनुभव सांगा

पारावरची
सुरुवात माझ्यापासून. सांगलीला माहेरच्या अंगणात आंबा आहे. बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेने त्याला पार बांधला. दोन फूट उंच, आत लाल मातीची भर, वर शहाबादी फरशी. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळू लागल्या. बाबांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून बुंध्याशी पाइप सोडून ठेवायचे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे आम्हाला कुणाला माहीत होतं! वर भर पडली की त्यांची हवा तुटते, आणि ओल्या मातीत गाडलेली बुंध्याची साल कुजते. आम्ही दोन्ही केलं, वर पाणीही घातलं.
तुमच्या घरी काय काय झालं?

संत्र्याच्या गावची
आमच्या संत्र्याने सात वर्षं गोड फळं दिली. मग हळूहळू फळं खडबडीत सालीची आणि आंबटढाण येऊ लागली, काटेही वाढले. शेजारच्या काकूंचं निदान, "माती बाटली." सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मी दोन वर्षं शेणखत आणि गूळपाणी घालत बसले, म्हणजे चुकीच्या झाडाला खुराक देत होते. कारण संत्र्याचं कलम जंबेरीच्या (खडबडीत सालीच्या आंबट लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, भरून केलेलं असतं. जोडाच्या खालून फुटलेले फुटवे मी "किती छान फुटलंय" म्हणत वाढू दिले होते. जंबेरी जोमाची, तिने वरचं संत्रं दाबून टाकलं. नर्सरीवाल्याने बघताच सांगितलं की जोडाच्या खालचं काहीही दिसलं की कोवळं असतानाच काढायचं. आमचं झाड मात्र आता पूर्ण जंबेरीच आहे. लोणचं घालतो, दुसरं काय!

तिसरा मजला
कढीपत्ता. पानं तोडली तर झाड खंगेल म्हणून खालची एकेक पानं खुडायचे, शेंड्याला हात लावायचे नाही. सहा फुटी काठी झाली, टोकाला झुबका. शेवटी कात्री घेऊन अर्ध्यावर छाटला, तर चार फांद्या फुटल्या. कढीपत्त्याला आंबट ताक घालतात म्हणे, तो उपाय मात्र करून पाहिलेला नाही. कुणाला गुण आलाय का?

माडाखाली
@तिसरा मजला, ताक आमच्या घरात उरतच नाही, त्यामुळे पास.
आमची चूक वेगळी. पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) चढायला सोपं जावं म्हणून आजोबांनी माडाला खाचा पाडून घेतल्या. "भरून येतील," म्हणाले. आंब्या-फणसाची जखम कडेने साल वाढून झाकली जाते. माडाला तशी वाढणारी साल नसते, त्यामुळे ती खाच कायमची. चाळीस वर्षं झाली, खाचा तशाच आहेत, पावसाळ्यात पाणी धरतात. दोन माड तिथूनच पोखरले गेले.

लिंबूटिंबू
अकोला. लिंबाला फूल नाही म्हणून मी रोज बादलीभर पाणी आणि मूठभर युरिया घालायची. झाड हिरवंगार, लिंबू एकही नाही. मामा शेतकरी. ते म्हणाले, "अगं, त्याला ताण दे. सुखात असल्यावर ते काऊन फुलंल?" डिसेंबरात पाणी तोडलं. पानं थोडी पिवळी पडून गळली तेव्हा माझा जीव वरखाली. जानेवारीत खत देऊन पाणी सोडलं आणि आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) असा आला की शेजारी पिशव्या घेऊन आले. कुंडीतल्या लिंबावर एवढा लांब ताण करू नका हं, मुठभर मातीत ते मरेल.

नियमावर बोट
"माझ्या आवारातलं झाड, मी वाट्टेल ते करीन," हाही एक गैरसमजच. सोसायटीत आम्ही गुलमोहर बुंध्यापर्यंत छाटून टाकला आणि नोटीस आली. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, खासगी जागेलाही लागू. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा आणि जास्त संरक्षण आहे. आमच्या अध्यक्षांना हे नोटिशीतून कळलं.

पपईवाला
नर पपईला खिळा ठोकला की मादी होते म्हणतात. मी तीन ठोकले. आता तो नर आहे, आणि त्यात खिळे आहेत.

पारावरची
@पपईवाला 😄
आमच्या आंब्याचं सांगायचं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात पार फोडून भर हाताने उकरून काढली, कुदळ लावली नाही. बुंध्याची साल एका बाजूने काळी पडली होती. वाळक्या फांद्या कापल्या, कापांवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. पाणी आता फांद्यांच्या घेराखाली आळं करून. यंदा पश्चिमेच्या बाजूला तांबूस पालवी आली, पूर्वेची अजून सुनीच आहे. बाबा रोज सकाळी खुर्ची टाकून तिथेच बसतात आणि पाराच्या फरश्यांचा हिशोब काढत राहतात.