आईचा थायरॉइड: आमच्याच डॉक्टरांकडे ठेवू की नाशिकला स्पेशालिस्टकडे नेऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आई ५४ वर्षांची, वजन ६२ किलो. यंदा कापूस वेचताना ती दोन ओळींतच थकून बांधावर बसायला लागली. आवाज घोगरा, सकाळी चेहरा सुजलेला. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा आकडा) १४.२. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी ९.६ आला. आता ते ७५ करू म्हणतात.

हे डॉक्टर वीस वर्षांपासूनचे. बाबांच्या आजारपणात रात्री दोनला घरी आलेले. पण मामांचं एकच, थायरॉइडला स्पेशालिस्टच लागतो, नाशिकला न्या. धुळ्यावरून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, शिवाय फी. आई तर "माले काही व्हयनं नही" म्हणून उठूनच जाते. गळ्याला गाठ नाही, बीपी-हृदयाचा त्रास नाही. उशीर केला असं पुढे वाटायला नको, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद (चोपडा):
ताई, मी नऊ वर्षांपासून हीच गोळी घेते, फॅमिली डॉक्टरांकडूनच. आकडा उतरतोय म्हणजे गोळी लागू पडतेय. पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे ६२ किलोला शंभरच्या आसपास. ५० वरून ७५ ही नेहमीची चाल आहे. बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी नको.

स्पेशालिस्ट कधी? गळ्याला गाठ आली, थायरॉइड वाढलेला (टीएसएच अगदी कमी) निघाला, घरात कोणी गरोदर असून थायरॉइड असला, हृदयविकार असला, किंवा गोळी नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर. तेव्हा वेळ घालवू नका. मधला मार्ग म्हणून धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवता येईल.

पण आधी सांगा, आई गोळी घेते कशी? उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहाच्या निदान अर्धा तास आधी?

धागाकर्ती:
ताई, आत्ता स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. पाच वाजता चुलीवरचा चहा होतो, त्याच कपासोबत घेते. आणि गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात.

प्रतिसाद (चोपडा):
मग आधी हेच मोडा! थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चार तास लांब हवी. उद्याच डॉक्टरांना हे सांगा, डोस वाढवायचा का ते मग ठरवू द्या.

धागाकर्ती:
सांगते. कॅल्शियमची डबी आजच रात्रीच्या ताटाजवळ ठेवली.