कूलंट आणि गिअर ऑइल घरच्या अंगणात बदलावे का?

देवगडकर
कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल गाडीच्या मालकाने स्वतःच बदलावे, असे माझे ठाम मत आहे. गेल्या मे महिन्यात फोंडा घाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला. गाडी थांबवून, इंजिन थंड झाल्यावर कूलंटची टाकी पाहिली, तर आत गंजाच्या रंगाचे पाणी होते. कूलंट बदलल्याचे पैसे मी ज्या गॅरेजला दिले होते, तिथे विहिरीचे पाणी भरले गेले होते. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते आणि त्यातील क्लोराइड रेडिएटरचे अ‍ॅल्युमिनियम आतून खाते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. पण त्यातील एथिलीन ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळते आणि गंजरोधक द्रव्ये धातू राखतात, म्हणून त्याची गरज इथेही तेवढीच आहे. इंजिन पूर्ण थंड असताना जुने कूलंट काढावे, डिस्टिल्ड वॉटरने आतून धुवावे, कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सहसा निम्मे-निम्मे भरावे आणि हीटर चालू ठेवून आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालवावे. यात एका सकाळीपेक्षा जास्त वेळ जात नाही.

वेंगुर्ल्याची रहिवासी
आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु काढलेले कूलंट आणि तेल कुठे गेले, हे आपण लिहिलेले नाही. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. अंगणात सांडलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकते आणि त्याच विहिरीचे पाणी घरातली मुले पितात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल येते. ज्याच्याकडे ते साठवून योग्य ठिकाणी देण्याची सोय नाही, त्याने या कामाला हात लावू नये.

देवगडकर
ताडपत्रीवर परात ठेवून मी सगळे धरले, कूलंट आणि तेल वेगवेगळ्या कॅनमध्ये बंद केले आणि वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे दिले. आपली अट मला मान्य आहे. ती गॅरेजलाही लागू व्हावी, एवढेच म्हणतो.

चिपळूणचा मेकॅनिक
कूलंट घरी बदलण्यास माझी हरकत नाही, गिअरबॉक्सला मात्र आहे. तेल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का ते पाहावे, कारण खाऱ्या हवेत तो गंजून घट्ट बसलेला असतो आणि खालचे तेल काढून झाल्यावर तो सुटला नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत लागते, म्हणून गाडी अगदी समतल हवी. आपल्याकडची उतरती अंगणे पाहता हेच मुळात कठीण आहे. मऊ मातीवर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे, तिथे स्टँड आणि कठीण जमीन हवीच. जीएल-४ प्रतीचे गिअर ऑइल सांगितले असताना जीएल-५ प्रतीचे भरल्यास त्यातील गंधकयुक्त द्रव्ये सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी कड्यांना बाधू शकतात. ऑटोमॅटिकमध्ये तर तेलाची पातळी बहुधा ठरावीक तापमानालाच तपासायची असते आणि सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचे) तेल वेगळे असते, चुकीचे भरल्यास पूर्ण गिअरबॉक्स जातो.

देवगडकर
ऑटोमॅटिकबाबत मी आपल्याशी सहमत आहे आणि माझे विधान तेवढ्यापुरते मागे घेतो. मॅन्युअलबाबत मात्र नाही. भरण्याचा प्लग आधी सैल करणे आणि पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे तेल आणणे, या दोन्ही गोष्टी समतल फरशी असलेला कोणीही मालक करू शकतो.

वेंगुर्ल्याची रहिवासी
विहीर त्या फरशीपासून खाली जाणाऱ्या उतारावर नसेल तर.