राखीव जागा मिळाली, पण राहायचं कुठं?

पंचगंगाकाठ:
सरकारी विद्यापीठातल्या आरक्षणाची चर्चा टक्क्यांवर सुरू होते आणि टक्क्यांवरच संपते. कोल्हापुरात तरी असं होऊ नये. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे आपण दरवर्षी सांगतो. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आदल्याच वर्षी निघालं होतं. त्या काळात जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातलं पोर शहरात जेवणार-झोपणार कुठं, हा प्रश्न महाराजांनी नोकरीइतकाच महत्त्वाचा मानला. आज गगनबावड्याच्या पोरीला प्रवेश मिळतो, वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही, आणि दिवाळीला गेलेली पोरगी परत येत नाही. कागदोपत्री जागा मात्र भरलेली असते. बाहेरगावच्या मुलांच्या प्रत्येक राखीव जागेमागं एक कॉट आणि वेळेवर शिष्यवृत्ती, हे विद्यापीठांवर बंधनकारक करा.

कसबा बावडा:
वसतिगृहाला कोण नको म्हणतंय? पण जात कशाला बघायची? बाप क्लास वन अधिकारी असला तरी पोराला सवलत, आणि दोन एकर कोरडवाहूवाल्याचा पोरगा ओपनमध्ये. उत्पन्न बघा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन्ही विद्यापीठांचे वंश बघून दिलेले प्रवेश बेकायदा ठरवले. त्यातलं नॉर्थ कॅरोलिना तर सरकारी. आपण कधी शिकणार?

शाहूपुरीतला वकील:
दादा, तो दाखला इथं लागू पडत नाही. राखीव जागांचा कोटा तिथं १९७८ मध्येच रद्द झाला होता. २०२३ पर्यंत वंश हा अनेक निकषांतला एक होता, तेवढाच. आपल्याकडं १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत कलम १५(४), म्हणजे मागासांसाठी विशेष तरतूद करायची मुभा, आलं, तेही मद्रासच्या कॉलेजप्रवेशाच्या खटल्यामुळं. आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं १९९६ ला मतदान घेऊन वंश बघायचं धोरण बंद केलं, तेव्हा तिथल्या बर्कली विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांचे प्रवेश एकदम घसरले, तेही बघा. उत्पन्नाचं म्हणाल तर ओबीसींना क्रीमीलेयर, म्हणजे सधन घरं वगळायचा नियम, १९९२ च्या निकालानं लागू झालं, ईडब्ल्यूएस, म्हणजे ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांचं आरक्षण, २०१९ ला आलं. अनुसूचित जातींतही उपवर्गीकरण, म्हणजे जास्त मागास जातींचा वेगळा गट करायला १ ऑगस्ट २०२४ च्या निकालानं राज्यांना मोकळीक आहे. सुधारणेला वाट आहे, त्यासाठी जातीचा निकषच काढून टाकायची गरज नाही.

चंदगडची लेक:
कोर्टाचं राहू दे, खिडकीवरचं सांगते. माझ्या भाचीकडून एका कॉलेजनं "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणून अख्खी फी भरून घेतली. घरातली दुभती म्हैस विकली. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज मंजूर दिसत होता, पण खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे अडकले, आणि हे तिला कुणी सांगितलंही नाही. परीक्षा झाली तरी खात्यात रुपया नाही. आणि शिकवणाऱ्यांच्या राखीव जागांबद्दल कुणीच बोलेना. कायम भरतीच अडली आणि सगळं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, चाललं, तर राखीव पदांच्या रोस्टरचा उपयोग काय?

कसबा बावडा:
ताई, भाचीबरोबर झालं ते वाईटच, आणि ते कुठल्याही गरीब पोरीबरोबर होतं, मी तेच म्हणतोय. धागाकर्त्यांना सरळ विचारतो. कॉट एकच आहे. एक पोरगी राखीव प्रवर्गातली, पण इचलकरंजीच्या नोकरदाराची. दुसरी ओपनमधली, गगनबावड्याच्या शेतमजुराची. कॉट कुणाला?

पंचगंगाकाठ:
गगनबावड्याचीला, विचारायलाच नको. प्रवेश प्रवर्गावर द्या, कॉट अंतर आणि उत्पन्न बघून. पण दोघीही शेतमजुराच्या असतील, तर राखीव प्रवर्गातलीला आधी. दुसरीला पैशाअभावी खोली मिळत नाही. हिच्या हातात भाडं असलं तरी आडनाव ऐकून घरमालक "खोली गेली" म्हणतो.

कसबा बावडा:
इथं मला पटत नाही. तसा घरमालक असेल तर त्याला धरा. त्याच्या पापापायी दुसऱ्या गरीब पोरीची कॉट का जावी?

चंदगडची लेक:
धरणार कोण, दादा? सप्टेंबरात वर्ग सुरू असतात, पोरीला खोली आज पाहिजे.